स्लॅबवर पारखलेला जोडा

लोक पोरीले नवरदेव पाहतेत तेव्हाही इतकी चिकित्सा करत नाहीत, जितकी माझ्या बायकोनं एका जोड्यासाठी केली. खोटं नाही सांगत. हिवाळ्यात सुरू झालं, उन्हाळा सगळा त्यातच गेला, अन् पावसाळा लागता लागता कुठं एकदाचा जोडा घरात आला. मी नागपुरात कूलर बनवणारा माणूस. कूलरवाल्याचं डोकं थंड असते असं लोकाईले वाटते. माझं उलटं आहे. मार्च लागला का माझं डोकं तापलंच समजा. एक दिवस मी भडकून बोललो, "कामिनी, जोडाच घ्यायचा आहे ना वं? का जावई शोधून राहिली?"

ती म्हणे, "जावई चुकला तं त्याले सुधरवता येते. जोडा चुकला तं मी पुन्हा सायकलवर बसणार नाही. समजलं का जी?"

समजलं होतं. म्हणून तं जास्त राग येत होता.

कामिनी उमरेडची. एस.टी.त कंडक्टर लागली अन् नागपूर-उमरेड गाडीवर उभ्यानं तिकिटं काढता काढता तिची अर्धी जवानी गेली. गाडीत तिचा असा वचक, का फुकट्या प्रवासी तिले पाहूनच पुढच्या गाडीची वाट पाहे. मंग एक दिवस ड्युटी संपवून घरी येताना कोळशाच्या एका ट्रकनं तिच्या स्कूटीले उडवलं. जीव वाचला, देवाची कृपा. पण डाव्या पायाचा अंगठा अन् त्याच्या बाजूचं बोट गेलं. डेपोत तिले पास काढाच्या खिडकीवर बसवलं. लोक म्हणत, चांगलं झालं, बसून काम आहे. ती घरी येऊन म्हणे, "बसून बसून माझं मडकं होऊन राहिलं."

फार चाललं का पाय ठणके. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, अर्धा तास. डॉक्टरले काय माहीत कोणाले सांगून राहिला! अर्ध्या तासाचा एक तास झाला, फुटाळा तलावाच्या फेरीची वाडी गावापर्यंतची फेरी झाली, वाडीची पुढं कोंढाळी झाली. अन् मंग तिले डांबरी रस्ता आवडेनासाच झाला. ट्रकची भीती तिनं तोंडानं कधी कबूल केली नाही, पण मले कळत होतं. ती पांदणीनं जाऊ लागली. पांदण म्हणजे शेताशेतातून जाणारी बैलगाडीची वाट. पुढं पुढं तंबू, कपडे, स्वयंपाकाचं एक भगोनं सायकललेच बांधून दोन-दोन दिवस गायब. सायकलवाले पोट्टे त्याले बाइकपॅकिंग म्हणतेत. माझी आई कुसुमताई म्हणते, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर."

अडचण एकच होती. अंगठा नसल्यानं डाव्या पायाले पकड नव्हती. पांदणीत गोटा आला का पाय पायडलावरून घसरे अन् पायडल नडगीवर बसे. सदर भागात सायकलीचं दुकान चालवणारा गौरांग आहे, त्यानं तिले क्लिपचे जोडे सांगितले. त्या जोड्याच्या तळव्याले लोखंडाचा एक तुकडा असते, क्लीट म्हणतेत त्याले. तो पायडलात खटकन बसते. मंग खड्डा येवो का गोटा येवो, पाय जागचा हलत नाही. टाच बाहेरच्या बाजूले मुरडली का सुटते. कामिनीले तं आंधळ्याले डोळा मिळावा तसं झालं. बाकी लोकाईसाठी ते जोडे शौक असतीन, हिच्यासाठी तो जोडा म्हणजेच अंगठा होता.

ते पहिले जोडे घालून ती मागच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, चिखलदऱ्याले निघाली. काटोल, वरूड, मोर्शी, परतवाडा, अन् शेवटी पहाड. सगळं पांदणीनं, कच्च्यानं, एकटी. मी नाही म्हणून पाहिलं. माझं ऐकते कोण?

वरूडच्या अलीकडं एका पांदणीत डाव्या जोड्याचा तळवा सुटला. सुटला म्हणजे कसा, तळवा क्लीटसकट पायडलाले चिकटून राहिला अन् कामिनी वरचा अर्धा जोडा पायात घेऊन गाऱ्यात आडवी झाली. आमच्याकडं काळ्या मातीच्या चिखलाले गारा म्हणतेत, अन् तो एकदा लागला का सोडत नाही. खांदा मुकामार लागून सुजला. एका संत्रेवाल्यानं भल्या मनानं तिले सायकलसकट टेम्पोत घातलं अन् घरापर्यंत आणून सोडलं. सकाळची वेळ, सगळी गल्ली दारात. एक शेजारी मले हाक मारून ओरडला, "शरूभाऊ, वहिनीले आणलं गा!" कोणी चिडवलं नाही, हेच वाईट झालं. सगळे हळहळले. बाया हळद घेऊन आल्या. आई म्हणाली, "झालं तेवढं बस झालं माय. जीवावरचं पायावर गेलं होतं, आता तरी घरी राय."

खांदा बरा झाल्यावर एक दिवस जेवताना कामिनी म्हणाली, "पुढच्या दिवाळीनंतर मी पुन्हा जाईन. तेव्हाही पोचली नाही तं सायकल विकून टाकीन. कोणी मले समजावाची गरज नाही."

आईनं लगेच देवाले हात जोडले. तिले वाटलं, झाली सुटका. मले मात्र धडकी भरली. कारण कामिनी बोलली का बोलली. सायकल गेली असती तं ही बाई दिवसभर पासच्या खिडकीत अन् संध्याकाळी घरच्या खिडकीत बसून वाळली असती. मले ती तशी नको होती. भांडकुदळ, गाऱ्यानं माखलेली, उशिरा येणारी कामिनीच मले पाहिजे होती.

सगळ्यात आधी ती फुटलेले जोडे घेऊन गौरांगकडं गेली, अन् मलेही संगं नेलं. गौरांग तिशीचा, सज्जन, पण बोलायले लागला का थांबत नाही. त्यानं तळव्याचा गोंद नखानं खरवडला. पापुद्रे निघाले, जुन्या भिंतीचा चुना निघते तसे.

"ताई, जोडे ठेवता कुठं?"

"धुतले का वर गच्चीच्या स्लॅबवर."

"स्लॅबवर? उन्हात?"

"मंग काय फ्रीजमधी? मे महिन्यात अर्ध्या तासात कडक वाळतेत."

गौरांगनं कपाळाले हात लावला. "अहो ताई, नागपूरच्या मे महिन्यात, स्लॅबवर! गोंद राहीन का? कुरडया आहेत का त्या?"

मी हसलो. हसू नये होतं, पण आलं. आमच्या गावात काय उन्हात घालत नाहीत? गाद्या, मिरच्या, पापड, लोणच्याच्या बरण्या. उन्हाचा इतका जाच सोसतो तं त्याच्याकडून काम नको का करून घ्याले? जोडेही त्यातच गेले.

गौरांग म्हणाला, "आता नवीन घ्या अन् सावलीत वाळवत जा. सोपं आहे."

कामिनी म्हणाली, "घरी वाळवीन सावलीत. पांदणीत सावली कुठून आणू? दिवसभर पाय उन्हातच राहते. मले असा जोडा पाहिजे जो ऊन खाईन अन् गाराही खाईन. कोणता आहे सांग."

गौरांगनं दोन-तीन नावं सांगितली, परदेशातल्या लोकाईनं काय काय लिहिलं तेही मोबाइलवर दाखवलं. कामिनीनं सगळं वाचलं. मंग विचारलं, "हे लिहिणारे लोक एप्रिलमधी काटोलले आले होते का?"

गौरांगनं मोबाइल खिशात घातला.

इथून तिचं डोकं चालाले लागलं. गौरांगच्या दुकानात मागं एक खोकं पडलं होतं. सायकलवाल्या ग्रुपमधल्या पोट्ट्याईनं बदललेले, जुने, लहान पडलेले क्लिपचे जोडे. वेगवेगळ्या कंपन्याईचे. कामिनीनं ते अख्खं खोकं मागून घेतलं. गौरांग म्हणाला, "ताई, यातला एकही तुमच्या मापाचा नाही." ती म्हणाली, "मले घालाचेच नाहीत."

मे महिन्यात आईनं स्लॅबवर कुरडया घातल्या, अन् बाजूले कामिनीनं जोडे मांडले. धुवायचे, उन्हात ठेवायचे, पुन्हा भिजवायचे, पुन्हा उन्हात. आई वर आली अन् किंचाळली, "माय वं! कुरडयीच्या शेजारी जोडे? कोण खाईन या कुरडया? घरादाराले बट्टा लावतं का वं?" मोठं भांडण झालं. शेवटी मले मधात एक जुनी चादर बांधून द्या लागली, इकडं कुरडया अन् तिकडं जोडे. माझ्या कूलरचा सीझन, गिऱ्हाइकं फोन करून जीव खाऊन राहिली, अन् मी स्लॅबवर सासू-सुनेची हद्द आखून राहिलो. काय सांगावं कोणाले!

पण गंमत अशी का कुरडया राखता राखता आईचंही लक्ष तिकडं जायले लागलं. कामिनी ड्युटीवर गेली का दुपारी आई चादर बाजूले करून पाहे. एक दिवस तिनं डेपोत फोन लावला. "कामिनी, तो निळा उकलला वं! तोंड वासून बसला हाय. काळा मात्र घट्ट हाय." मी कपाळ बडवून घेतलं.

उन्हाळा संपता संपता निकाल लागला. ज्याईचे तळवे नुसत्या गोंदानं चिकटवले होते त्यातले बहुतेक उकलले. ज्याईले समोरून, बोटाच्या बाजूनं, गोंदावरून शिवणही घातली होती ते टिकले. अन् हवा जायले जाळी असलेले जोडे होते, त्याईची जाळी उन्हानं कडक होऊन फाटली. कामिनी म्हणाली, "शिवलेला पाहिजे अन् वरून जाळीचा नको."

पहिला पाऊस पडून गेल्यावर ती ते टिकलेले जोडे घेऊन उमरेडले भावाच्या वावरात गेली. मीही गेलो, सासुरवाडीचं जेवण चुकवत नाही मी. तिनं ते जोडे हातात घालून, हो, हातात, ओल्या काळ्या मातीत दाबले अन् मंग पायडलात बसवून पाहिले. ज्या जोड्याच्या तळव्याले बारीक बारीक दाट दाते होते त्यात गारा असा बसला का क्लीट दिसेचना, पायडलात काय बसणार कपाळ! ज्याचे दाते मोठे अन् दूर दूर होते, अन् क्लीटच्या पुढची जागा मोकळी होती, तो दोनदा आपटला का साफ. तिचा भाऊ वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून मले म्हणाला, "जावाईबापू, ताईले बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, "तुमच्या ताईले आतापर्यंत इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं."

मंग आम्ही सदरले गेलो, जोडा घ्याले. दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं होती. गौरांगनं तिच्या सांगण्याबरहुकूम जोडे काढले, पण मन त्याचं दुसरीकडंच. एक चकचकीत जोडा पुढं केला. "ताई, हा घ्याच. तळवा दगडासारखा. ताकद वाया जात नाही."

"यात चालता येईन का?"

"चालाले जाऊन राहिल्या का सायकल चालवाले?"

"पांदणीत नाला लागते, काटेरी कुंपण लागते, पहाड लागते. अर्धा वेळ सायकल मलेच घेऊन चालते का? मीच तिले घेऊन चालते." तिनं एक मऊ तळव्याचा जोडा उचलला. "हा बरा आहे."

गौरांगनं तो हातात घेऊन मधातून वाकवला. "हा मऊ आहे म्हणून क्लीट तळव्यातून बोटाच्या मुळाशी टोचीन. दोन तास काही नाही, दुसऱ्या दिवशी पाय टेकवता येणार नाही." तो बरोबर बोलून राहिला होता. कामिनीनं जोडा खाली ठेवला.

अपघात झाल्यापासून कामिनीनं डावा पाय कोणाले दाखवला नव्हता. देवळात जाताना पायमोजा, लग्नात पायमोजा, माहेरीही पायमोजा. गौरांगकडं पहिले जोडे घेताना मोज्यात पुढं कापूस कोंबून माप दिलं होतं. त्याले फक्त "पायाले लागलं आहे" इतकंच माहीत. मी बायकोच्या चेहऱ्याकडं पाहत होतो अन् मले वाटलं, आता ही निघून चालली.

ती खाली बसली. मोजा काढला. कापूस काढून बाजूले ठेवला. दुकानातल्या उजेडात तो पाय मी पहिल्यांदाच इतका सरळ पाहिला. तिनं तो गौरांगच्या समोरच्या स्टुलावर ठेवला अन् तिकीट विचारावं तशा आवाजात म्हणाली, "पाय असा आहे. आता याले काय बसते ते दाखव."

गौरांगच्या दुकानात असं कधी झालं नसंन. मंग तो खाली बसला अन् पहिल्यांदाच काही न बोलता काम करू लागला. पाय बाजूनं पाहिला, तळव्याखाली बोटं फिरवून विचारलं, "जोर कुठं देता? इथं?" क्लीट कुठं यायले पाहिजे ते त्यानं खडूनं खूण करून दाखवलं, नेहमीपेक्षा पुष्कळ मागं, टाचेकडं. मंग आत जाऊन एक जोडा घेऊन आला. जड, मातकट रंगाचा, दिसायले पोस्टमनच्या बुटासारखा. समोरून शिवलेला, दाते दूर दूर, नाडीवरून एक पट्टा. तळवा मधात ताठ अन् पुढच्या टोकाले जरासा वाकणारा. "हा कोणी घेत नाही, जड आहे म्हणून," तो म्हणाला. "पण ताई, तुमचा हाच आहे. मी आधीच पाय पाहाले पाहिजे होता."

डाव्या जोड्यात पुढं जागा उरत होती. ते काम मी केलं. कूलरच्या मोटरखाली हादरे बसू नये म्हणून मी जाड रबर लावत असतो. त्याचा तुकडा कापून, घासून घासून, अंगठ्याच्या अन् बोटाच्या आकाराचा केला. तीनदा चुकला. चौथा बसला. कामिनी जोडा घालून अंगणात चालली, वळली, चालली. "बसला," म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणी आलं अन् मी लगेच कूलर तपासायले गेलो, कारण माझ्याही आलं होतं.

दिवाळी झाल्यावर ती निघाली. रोज संध्याकाळी तिचा फोटो येई. चेहऱ्याचा नाही, जोड्याचा. काटोलचा फोटो, तळवा घट्ट. वरूडचा, गाऱ्यानं भरलेला पण घट्ट. मोर्शीच्या पुढचा, संत्र्याच्या बागेत. आई मोबाइल डोळ्याले लावून पाहे अन् म्हणे, "शिवण शाबूत हाय."

परतवाडा सोडल्यावर फोटो आला नाही. फोन लावला तं लागेना. पहाडात नेटवर्क राहत नाही, हे मले माहीत नाही का? माहीत होतं. पण माहीत असून धीर थोडीच येते. मले ट्रक दिसे, नाला दिसे, उकललेला तळवा दिसे. उजाडता उजाडता मी एका गिऱ्हाइकाची जीप मागितली अन् निघालो. आई म्हणाली, "जा, पण तिच्यावर चिडू नको." मी रस्ताभर तिच्यावर काय काय चिडायचं त्याचीच उजळणी करत गेलो.

चिखलदऱ्याले पोचलो तं ती नव्हती. चहाच्या टपरीवर विचारलं, कोणी पाहिली नव्हती. टपरीवाला म्हणाला, "जुन्या कच्च्या वाटेनं येत असंन तं वेळ लागीन. ती वाट पावसानं वाहून गेली, गोटेच गोटे आहेत. सायकल चालत नाही तिथं." मी त्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. ऊन वर आलं. माझी सगळी उजळणी विसरून गेलो अन् नुसता देवाचं नाव घेऊन राहिलो.

दुपारून ती दिसली. सायकलच्या बाजूनं, हँडल धरून, एक एक पाऊल टाकत, चढ चढून राहिली होती. केस धुळीनं पांढरे. ती मले दिसली तरी थांबली नाही, वर येईपर्यंत चालतच आली. वर येऊन सायकल टेकवली अन् पहिलं वाक्य काय? "तुम्ही कायले आले?"

माझा राग उसळला अन् तिथंच बसला. मी खाली वाकून तिच्या जोड्याईकडं पाहिलं. खरचटलेले, पांढरे पडलेले, अन् जिथल्या तिथं. "काल सकाळपासून ढकलून राहिली," ती म्हणाली. "पाय दुखते. पण चालते." मी तिले टपरीवर बसवलं, चहा दिला, भजी दिली. मन भरून आलं होतं. म्हणालो, "जिंकली वं तू. सायकल विकाचं नाव नाही आता. चल, टाकतो सायकल जीपमधी. रातच्या जेवणाले घरी."

ती भजी खात होती. हात पुसला. "जीप तुम्ही घेऊन जा."

"म्हणजे?"

"मी चिखलदऱ्याले पोचली. घरी नाही पोचली अजून." ती उठली, नाडी कसली, पट्टा ओढला. "सुटी आहे माझी. अन् ऐका जी, गल्लीत पेढे वाटत सुटू नका."

मी भांडलो. टपरीवाला तिच्या बाजूनं बोलाले लागला, त्याच्याशीही भांडलो. तोपर्यंत ती सायकलवर बसली. डावा पाय पायडलावर ठेवला, खटकन आवाज आला, अन् ती दुसऱ्या वाटेच्या उतारानं निघून गेली.

मी रिकामी जीप घेऊन परत आलो. गल्लीत शिरलो तं सगळे दारात, आई सगळ्याईच्या पुढं. जीप थांबायच्या आधीच तिनं आत डोकावून पाहिलं, मागं पाहिलं, अन् तिचा चेहरा पडला. "शरू, कामिनीले नाही आणलं?"

"नाही," मी म्हणालो. "सायकलवर येऊन राहिली."

आई गल्लीकडं वळली अन् अख्ख्या मोहल्ल्याले ऐकू जाईन अशा आवाजात म्हणाली, "ऐकलं का वं बायांनो? माही सून येऊन राहिली!"